बेबीज ब्रेथ बियाणं टाकून घरच्या बागेत येतं का? माझी रोपं बोटभर होऊन आडवी पडतात

येतं की, का नाही येणार. आणि आडवी पडतात म्हणजे बहुतेक वेळा पाणीच जास्त झालेलं असतं. एवढं ठासून सांगतोय कारण ह्याच एका गोष्टीवरनं माझं आणि आमच्या दाजींचं चार वर्षं झाली वाजतंय.

आमचं घर बेळगावात खानापूर रोडला, माती जांभ्याची तांबडी. बायकोला गजऱ्यात जिप्सी लागते (फुलवाले बेबीज ब्रेथला जिप्सीच म्हणतात) आणि लग्नसराईत जुडीचा भाव ते तोंडाला येईल तो सांगतात, म्हणून म्हटलं घरीच लावू. जिप्सोफिला ह्या नावातच जिप्सम आहे, चुनखडीची माती आवडणारं झाड, आणि आमची माती आंबट. म्हणून पाऊस सरल्यावर परसात चार बाय चार फुटाचा वाफा केला, पाव किलो विझवलेला चुना कालवला. नेमके तेव्हाच दाजी आले. "काय रे, वाफा करूलायस की पान लावूलायस?" दाजींची भातशेती, त्यामुळं शेणखत आणि दोन वेळचं पाणी ह्यापलीकडं पिकाला काही लागतं हे त्यांना मान्यच नाही.

पंधरा दिवस माती तशीच ठेवली आणि दसऱ्यानंतर बी टाकलं. खसखशीसारखं बारीक असतं, वाळूत मिसळून भुरभुरलं, वर जेमतेम माती. आठ-दहा दिवसांत उगवलं, मग दाट होतं ते उपटून वीतभर अंतर राखलं. इथपर्यंत झकास. तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही सावंतवाडीला एका लग्नाला गेलो सहा दिवस, किल्ली दाजींकडं. माणूस मायाळू, त्यात वाद नाही, पण त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाइप लावला आणि वर दोन बुट्ट्या शेणखत ओतलं.

परत आलो तर सगळा वाफा झोपलेला. खोड मातीलगत काळं पडून दोऱ्याएवढं झालेलं, उपटलं की सुळकन हातात येत होतं, मुळाची साल बोटात धरली तर सालच निघून आली. दाजी म्हणाले, "तुझ्या त्या चुन्यानं जाळली." भिंतीकडच्या कोपऱ्यात मात्र, जिथं पाइप पोचत नव्हता, अकरा रोपं ताठ उभी. चुना तर सगळ्या वाफ्यात सारखाच होता ना? हे मी त्यांना विचारलं तर म्हणाले, तिथं भिंतीची सावली होती!! ती अकरा रोपं नाताळात फुलली आणि संक्रांतीला बायकोच्या गजऱ्यात गेली, दाजी तिळगूळ घ्यायला आलेले, बघितलं त्यांनी, बोलले काहीच नाहीत.

तर वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. रोपं दुसरीकडं हलवायची पण नाहीत, मूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की झाड रुसतं, बी टाकायचं तिथंच टाका. आणि लोक सांगतात भरपूर खत घाला, ते साफ चूक, नुसता पाला माजतो आणि झाड लोळतं.

हं, एक राहिलं, तुम्ही गोकाक-बैलहोंगलकडच्या काळ्या रानातले असाल तर चुना नको, तिथं गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करून वाळू घाला, ती माती पाणी धरून ठेवते. चुना उघड्या हातानं कालवू नका, माझी बोटं आठवडाभर सोलत होती (हे दाजींना सांगितलेलं नाही). आणि हे सगळं एकवर्षायू जातीचं, तिची फुलं एकेरी, दोन-अडीच महिन्यांत येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकत राहा. बुकेतली दुहेरी भरगच्च जिप्सी ती वेगळी, बहुवर्षायू, तिची रोपं बहुतेक टिश्यू कल्चरची (म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली) असतात, बियांतून तशी येईलच असं धरून बसू नका.

कुंडीत लावायची तरी चालते, खोल घ्या आणि तळाला भोकं मोठी पाडा. आणि गावाला जाताना किल्ली कुणालाही द्या पण नळाची चावी बंद करून जा.

दाजी, वाचत असाल तर सावली संध्याकाळी चारनंतर येते तिथं.