पर्मिअ‍ॅमीटर लावताना आधी सील बघ

हे यंत्र उभ्या नळीतलं पाणी रस्त्यात किती वेगाने मुरतं ते मोजतं. डांबरी रस्त्यावरचं रीडिंग अचानक जास्त आलं तर लगेच मिक्सला (डांबर-खडीच्या मिश्रणाला) दोष देऊ नकोस. जाड खडीच्या पृष्ठभागावर यंत्राच्या बुडाखाली खाचा राहतात आणि पाणी आत न मुरता बाजूने पळतं. जागा कोरड्या ब्रशने झाड, पुट्टीची वळी बोटाने फटींत दाबून भर, मग वर वजन ठेव. पुट्टी आत पसरली तर मुरायचं क्षेत्र घटतं, तेही बघ.

पाणी हळू ओत, बुडबुडे थांबले की स्टॉपवॉच चालू. पाण्याची उंची रस्त्याच्या पृष्ठभागापासून मोजायची. पारगम्यतेचं (पाणी किती सहज मुरतं त्याचं) सूत्र: नळीचं क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी, त्याला मुरण्याचं क्षेत्र गुणिले वेळ याने भाग, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या उंचीच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगने गुण. उंची निम्मी झाली तर तो लॉग ०.६९३.

त्याच जागी लगेच पुन्हा टेस्ट केलीस तर पाणी बहुधा हळू उतरेल, कारण पोकळ्या आधीच भरलेल्या असतात. दाट मिक्समध्ये पोकळ्या साधारण ८ टक्क्यांपुढे गेल्या की एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाणी झपाट्याने मुरू लागतं. रस्त्यात ते आडवंही पसरतं, त्यामुळे साइटवरचा आकडा कोअरच्या (रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याच्या) लॅब टेस्टशी सरळ जुळवू नकोस.