शिंजीर फोटोत काळाच का येतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दारातल्या शेवग्यावर रोज सकाळी वाकड्या चोचीचा, काळा, इवलासा पक्षी येतो. कुणी हमिंगबर्ड म्हणतं, कुणी फुलचुखी. सोबत पिवळ्या पोटाचाही एक असतो. तो वेगळा का?
(जुळे सोलापूर)

तो जांभळा शिंजीर. सूर्यपक्षी म्हटलं तरी चालेल. हमिंगबर्ड मात्र नव्हे, ते फक्त अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. पिवळ्या पोटाची ती मादी. विणीचा काळ सरला की नरही मादीसारखा पिवळट होतो, पण हनुवटीपासून पोटापर्यंत त्याची एक काळी पट्टी उरते. अशा नराला पुष्कळ जण तिसरीच जात समजतात. नराची पाठ गडद तांबडी, गळा जांभळा आणि पोट पिवळं दिसलं, तर ती मात्र खरोखर शिंजिराची दुसरी जात. तो नर बारा महिने त्याच रंगात असतो.

प्रश्न : माझ्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे. तरी नर कोळशाच्या खड्यासारखा येतो, नाहीतर मागचं आकाश पांढरंफटक पडतं. निळा-जांभळा रंग डोळ्यांना दिसतो, तो कॅमेऱ्यात का उतरत नाही?
(होटगी रोड)

कारण तो रंग पिसात कालवलेला नसतो. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो आणि ठरावीक कोनातूनच झळाळी दिसते. कोन चुकला की काळं. तुमचे डोळे पक्ष्याच्या दहा हालचालींतली झळाळीची एक टिपून लक्षात ठेवतात, कॅमेऱ्याला एकच क्षण मिळतो. म्हणून सेटिंग नंतर, आधी जागा. सूर्य तुमच्या पाठीशी आणि आकाशात खाली हवा. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, शिवाय तापलेल्या स्लॅबवरून हवा थरथरायला लागते आणि भारी लेन्सचाही फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो. दोष लेन्सचा नसतो.

पक्ष्यामागे धावू नका. शिंजीर ठरलेल्या झाडांवर फेरी मारत पुन्हा पुन्हा येतो. पूर्वेचं ऊन थेट पडणारा फुलांचा एक घोस निवडा आणि तीन मीटरवर स्टूल टाकून बसा. या अंतरावरून ३०० मिमीने क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) चौकटीची साधारण दोन-पंचमांश रुंदी पक्षी व्यापतो. दहा मीटरवरून एक-अष्टमांश, मग घरी कापाकापी करत बसावं लागतं. लेन्सचं किमान फोकस अंतर आधी तपासा. मोठ्या झूम लेन्सना दोन-अडीच मीटरच्या आतलं दिसतच नाही.

शटरची उघडझाप १/१६०० सेकंद ठेवा. फुलासमोर पंख फडफडवत तरंगताना पकडायचा तर १/२५००. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० ते १६०० लागला तर लागू द्या, फोटोत दाणे आले तर परवडतात, हललेला डोळा परवडत नाही. तीन मीटरवर एफ/५.६ ला (हा लेन्सच्या छिद्राच्या मापाचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, एफ/८ ला तीन. म्हणून फोकसचा एकच बिंदू घ्या आणि चोच डोक्याला मिळते तिथे ठेवा. नुसत्या काळ्या छातीवर ठेवलात तर कॅमेऱ्याला पकडायला काहीच सापडत नाही आणि लेन्स पुढेमागे हेलपाटे घालते.

आता कोळसा आणि पांढरं आकाश. मागे आकाश असेल तर कॅमेरा उजेडाला भुलून पक्षी अंधारात टाकतो. तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा. पक्षी सुधारतो, आकाश मात्र जातंच. काळा पक्षी मोठा आणि मागे गडद पानं असतील तर उलटं घडतं : कॅमेरा सगळं उजळवतो आणि झळाळीचे ठिपके पांढरे पडतात. तिथे −०.७. खरा उपाय म्हणजे मागे आकाश येईल अशा जागी बसूच नये. स्टूल हातभर सरकवून मागे सावलीतली भिंत आणा, निम्मं काम होतं.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. काही जमेल?
(अक्कलकोट रोड)

जमेल, पण हातात धरून नाही. मोबाइल छोट्या स्टँडवर फुलापासून हात-दीड हातावर ठेवा, फुलावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, ४के व्हिडिओ ६० फ्रेमवर सुरू करून आत जा. नंतर हवी ती चौकट काढून घ्या. डिजिटल झूम वापरू नका. उन्हात ठेवलेला मोबाइल तापून बंद पडतो, त्यावर पुठ्ठ्याची सावली करा.

प्रश्न : पोर्चमधल्या बेलच्या वायरला शिंजिराने घरटं लोंबकळवलंय. फोटो काढायचेत, रंगकामही ठरलंय.
(रेल्वे लाइन्स)

रंगाऱ्याला महिना-सव्वा महिना पुढची तारीख द्या. कोळ्याची जाळी, साल, काड्या, सापडलंच तर सूत, असं जोडून मादी एकटीच ते विणते. दारावर छोटी पडवीही काढते. अंडी बहुधा दोन, उबवणं १५ ते १७ दिवस, पिल्लं त्यानंतर साधारण दोन आठवडे आत. नर भरवायला हातभार लावतो.

फोटो खिडकीच्या पडद्याआडून घ्या. फ्लॅश नको. आणि चांगला दिसावा म्हणून आडवी फांदी किंवा पान छाटू नका. सोलापूरच्या मेमधलं दुपारचं ऊन थेट घरट्यावर आलं तर पिल्लं भाजून मरतात. मादी चोचीत किडा धरून जवळच्या तारेवर बसून राहिली आणि आत जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. ताबडतोब मागे फिरा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जंगली पक्ष्याची अंडी वा घरटं मोडणं शिकारीतच धरलं जातं, हे रंगाऱ्यालाही सांगून ठेवा.

प्रश्न : नर गाडीच्या आरशावर चोच मारत बसतो. वेडा झालाय का?
(विजापूर रोड)

नाही, प्रतिबिंबाला दुसरा नर समजतो. आरशावर जुना मोजा चढवा.

प्रश्न : गच्चीवर शिंजीर यावा म्हणून साखरपाणी ठेवावं का?
(सिद्धेश्वर पेठ)

नको. आपल्या उन्हाळ्यात ते काही तासांत आंबतं, मुंग्या लागतात त्या वेगळ्या. त्यापेक्षा १४ इंची कुंडीत एकेरी पाकळ्यांची जास्वंद लावा. डबल जास्वंदीत पाकळ्यांच्या गर्दीतून मध मिळणं अवघड. शंकासूर, टेकोमाही चालतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच. इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात भिनणारं औषध मारू नका, ते फुलातल्या मधात उतरतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ढेकूण धुऊन काढा. नळाला पाणी काही दिवसांआड येत असलं तरी पाव लिटरची फवारणी बाटली परवडते. सकाळी पानं ओली करून ठेवा, शिंजीर ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करतो. ते पाहायला आणि टिपायला पहिला अर्धा तासच मिळतो, मग पानं वाळतात.