वाचकांचे प्रश्न : बी.कॉम. करावे, सी.ए. करावे, की दोन्ही?

प्रश्न : मुलगी वाणिज्य शाखेतून 81 टक्के मिळवून बारावी झाली. तिला सी.ए. व्हायचे आहे. रत्नागिरीत अकाउंटिंग अँड फायनान्सची पदवी घ्यावी, असे तिच्या मामांचे म्हणणे. क्लासचे सर सांगतात, कॉलेजात वेळ घालवू नका, सरळ सी.ए.ला बसवा. आम्ही राजापूर तालुक्यात राहतो, आंब्या-काजूवर घर चालते. काय करावे? – एक पालक

उत्तर : पदवी सोडून नुसते सी.ए. करू देऊ नका. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण या एका चुकीची भरपाई पुढे होत नाही. सी.ए.च्या तीन पायऱ्या असतात : फाउंडेशन, इंटरमीजिएट म्हणजे इंटर, आणि फायनल. मे 2025 च्या फाउंडेशन परीक्षेचा निकाल 15 टक्क्यांच्या आसपास लागला होता. इंटरमीजिएटला अडकून चार-पाच वर्षांनी थांबणारी हुशार मुले पुष्कळ असतात. पदवी हातात नसेल, तर अशा मुलाचे शिक्षण कागदोपत्री 'बारावी पास' एवढेच उरते. बँकेची परीक्षा, एमपीएससी, एम.बी.ए. या सगळ्यांना पदवी लागते. फाउंडेशन आणि इंटर पास झाल्याची गुणपत्रिका तिथे चालत नाही.

आता वेळेचे गणित. फाउंडेशन आणि इंटर 2024 पासून वर्षातून तीनदा होतात : जानेवारीत, मे-जूनच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये. फाउंडेशनसाठी परीक्षेच्या चार महिने आधी नोंदणी झालेली असावी लागते. बारावीच्या निकालानंतर नोंदणी करायची म्हणजे 1 सप्टेंबरच्या आत करायची आणि जानेवारीत बसायचे. इंटरला आठ महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो, म्हणजे ती साधारण त्याच्या पुढच्या जानेवारीत. इंटरचे पेपर दोन ग्रुपमध्ये विभागलेले असतात. दोन्ही ग्रुप सुटले की चार आठवड्यांचे संगणक आणि ओरिएंटेशनचे प्रशिक्षण आणि मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणे. 2023 च्या नव्या योजनेआधी ती तीन वर्षांची होती, म्हणून ओळखीतले जुने लोक वेगळा हिशेब सांगतील. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने गेले की फायनल. सगळे पहिल्या फटक्यात सुटले, तरी बारावीपासून साडेचार वर्षे धराच.

कॉलेजची पहिली दोन वर्षे आर्टिकलशिपच्या आड येत नाहीत, हे यातून लक्षात येईल. अडचण येते ती तिसऱ्या वर्षाला. आर्टिकलशिपमध्ये आठवड्याला 35 तास ऑफिसात भरावे लागतात आणि सोबत पदवी करायची तर फॉर्म 112 भरून इन्स्टिट्यूटची, म्हणजे सी.ए.च्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, परवानगी घ्यावी लागते. कॉलेजचे तास ऑफिसच्या वेळेत येता कामा नयेत. आपल्याकडची कॉलेजे सकाळी भरून दुपारी सुटतात. दहाला ऑफिस गाठायचे, तर तास बुडणार आणि हजेरी 75 टक्क्यांखाली जाणार. दोन्हीकडे 'बघून घेऊ' म्हणणाऱ्या मुलांचे नेमके इथे बिघडते. फॉर्म 112 राहून गेला आणि नंतर तारखा जुळल्या नाहीत, तर केलेल्या आर्टिकलशिपवर प्रश्न उभा राहतो.

म्हणून मामांच्या सल्ल्यात थोडा बदल सुचवतो. अकाउंटिंग अँड फायनान्सची पदवी चांगली आहे. हिशेब, ऑडिट आणि कर हे विषय तिथे साध्या बी.कॉम.पेक्षा जास्त खोलात होतात. पण बहुतेक ठिकाणी ती विनाअनुदानित असते, फी जास्त असते आणि प्रोजेक्ट-असाइनमेंटचा ससेमिरा वर्षभर सुटत नाही. मुलीचे सी.ए.चे खरोखर ठरले असेल, तर अनुदानित कॉलेजात साधे बी.कॉम. घ्या. आर्टिकलशिप लागेल, तेव्हा तिसरे वर्ष मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणातून करता येईल का, त्यासाठी विषय जुळतात का, हे पहिल्या वर्षाचा प्रवेश घेतानाच कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवा. ठरले नसेल, सी.ए. 'बघू जमले तर' असे असेल, तर मामांचे म्हणणे बरोबर. तीन वर्षांनी तिच्या हाती निदान वजनदार पदवी असेल.

फाउंडेशनबद्दल एक गोष्ट आकड्यांनिशी सांगतो, कारण 81 टक्केवालीही इथे घसरते. चार पेपर, प्रत्येकी 100 गुणांचे. प्रत्येकात 40 हवेत आणि चारही मिळून 50 टक्के, म्हणजे 200. समजा अकाउंटिंगमध्ये 61, कायद्यात 44, गणितात 46 आणि अर्थशास्त्रात 47 पडले. कुठेच 40 च्या खाली नाही, पण बेरीज 198. नापास. आणि फाउंडेशनला एखाद्या पेपरची सूट मिळत नाही, 61 मिळालेला पेपरसुद्धा पुन्हा द्यायचा. गणित आणि अर्थशास्त्र पर्यायी उत्तरांचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. अर्थशास्त्राचे 40 प्रश्न बरोबर आले आणि उरलेले 60 अंदाजाने ठोकून चुकले, तर 15 गुण जाऊन हातात 25 राहतात. बारावीत 'काही सोडू नका' ही सवय लागलेली असते, ती इथे मोडावी लागते. कायद्याचा पेपर मात्र लिहायचा असतो, तिथे वाक्य नेमके लागते. रोज एक उत्तर हाताने लिहायला लावा.

क्लासवर लाख रुपये टाकण्याआधी इन्स्टिट्यूटचे फुकट ऑनलाइन वर्ग महिनाभर बघा. अभ्यासाची पुस्तके नोंदणीबरोबर येतात आणि सराव प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मोफत आहेत. पावसाळ्यात गावात लाइट आणि नेट दोन्ही जाते, तेव्हा धडे आधीच उतरवून ठेवावेत. कागदपत्रांची अडचण आली, तर इन्स्टिट्यूटची शाखा रत्नागिरीतच आहे.

आर्टिकलशिप मुंबईत की इथेच, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी दोन वर्षांत तुमच्यापुढे येईल. विद्यावेतनाचा किमान आकडा शहराच्या लोकसंख्येवर ठरतो, त्यामुळे मुंबईत तो जास्त असतो. पण खोली, डबा आणि लोकल यांत तो पूर्ण जातो. मोठ्या फर्ममध्ये कंपनी ऑडिट जवळून बघायला मिळते, मात्र दोन वर्षे एकाच तऱ्हेचे काम वाट्याला येऊ शकते. इथल्या छोट्या ऑफिसात सगळेच हाताखालून जाते. काजूचेच घ्या. नोंदणीकृत कारखानदार शेतकऱ्याकडून काजू बी घेतो, तेव्हा जीएसटी शेतकरी भरत नाही, तो कारखानदाराने रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. स्वतःच स्वतःच्या नावे बिल बनवायचे, कर रोखीच्या खात्यातून भरायचा आणि मग त्याचे क्रेडिट घ्यायचे, म्हणजे तेवढी रक्कम पुढच्या करातून वजा करायची. जुन्या क्रेडिटमधून हा कर वळता करता येत नाही, आणि नवख्याची चूक हमखास इथेच होते. एप्रिल-मेच्या हंगामात अशा शंभर खरेद्या नोंदवलेली मुलगी इंटरच्या पुस्तकातला तो धडा पुन्हा विसरणार नाही. जिथे ऑडिट आणि करकाम दोन्ही मिळेल, आणि परीक्षेआधी अभ्यासाला रजा मिळेल, असे ऑफिस शोधा. आधीच्या आर्टिकलना भेटून विचारा, कारण एकदा नाव नोंदले की मधेच ऑफिस बदलणे सोपे नाही.

प्रश्न : तृतीय वर्ष बी.कॉम.ला आहे, आतापर्यंत 53 टक्के आहेत. फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येईल का? – एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : वाणिज्य पदवीला 55 टक्के लागतात, इतर शाखांना 60. दोन टक्के कमी आहेत आणि शेवटची सत्रे हातात आहेत, तेव्हा आधी तीच उचला. शेवटच्या वर्षात असताना तात्पुरती नोंदणी होते, पण पदवीला टक्के कमी पडले तर तिचा उपयोग नाही. नाहीच जमले, तर फाउंडेशनचा दरवाजा उघडा आहे. किंवा सी.एम.ए.चे, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे, इंटर पास करूनही सी.ए. इंटरला येता येते, आणि सी.एम.ए. इंटरला पदवीधरांना थेट प्रवेश आहे. थेट प्रवेशाने आलात तरी आठ महिन्यांचा अभ्यासकाळ चुकत नाही, आणि आर्टिकलशिप दोन्ही ग्रुप सुटल्यावरच.

प्रश्न : बी.कॉम. होऊन देवगडात आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघतो. वय 27, घर सोडता येत नाही. सी.ए. आता झेपणार नाही. दुसरे काय? – एक वाचक

उत्तर : दोन वाटा आहेत. तुमच्या कामाला सर्वांत जवळचे म्हणजे सी.एम.ए. एका डब्यातल्या रसाला किती किलो आंबा गेला, साल-कोय किती निघाली, बॉयलरचा खर्च कोणत्या मालावर टाकायचा, हाच तिथला अभ्यासक्रम आहे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. जूनची परीक्षा तुमच्या हंगामाच्या अंगावर येते, तेव्हा डिसेंबर धरा. सी.एम.ए. कॉस्ट ऑडिट करू शकतो, मात्र कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही सी.ए.चीच लागते.

दुसरी वाट कमी बोलली जाते, ती जी.डी.सी. अँड ए.ची, म्हणजे राज्याच्या सहकार विभागाची शासकीय सहकार व लेखा पदविका. कुठलाही पदवीधर परीक्षेला बसू शकतो, नोकरी सोडावी लागत नाही. पास झाल्यावर सहकार विभागाच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीसाठी, अर्ज करता येतो. विकास सोसायट्या, पतसंस्था आणि मच्छीमार सोसायट्या आपल्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत आणि प्रत्येकीला दरवर्षी लेखापरीक्षण लागते. अर्ज भरण्याआधी जिल्हा उपनिबंधक कार्यालयात जाऊन नामतालिकेसाठी सध्या किती अनुभव मागतात, ते विचारून घ्या.