एकेक एकरावर एकच बंगला, झाडंही बरीचशी ठेवलीत, मग जंगलातल्या पक्ष्यांना काय त्रास होणार?

होतो ना, आणि झाडं तोडली नाहीत तरी होतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पिटकिन काउंटीत (अ‍ॅस्पेन गाव तिथलंच) यावर २००१ च्या सुमारास अभ्यास झाला होता, डोंगरातल्या ओकच्या झुडपी जंगलात सुटीसुटी घरं बांधली होती तिथे. संशोधकांनी घरापासून ३० मीटरवर आणि १८० मीटरवर पक्षी मोजले, तर घराजवळ रॉबिन, मॅगपाय असे माणसाला सरावलेले पक्षी जास्त आणि बुजरे पक्षी कमी. शिवाय काउबर्डही घराजवळच वाढलेला, हा आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणजे बाकीच्यांच्या पिल्लांची वाट लागलीच. कुत्री-मांजरंही घराजवळ जास्त, कोल्हे आणि कायोटी (लांडग्यासारखा तिथला प्राणी) लांब. गंमत म्हणजे घरं दाट आहेत की विरळ याने बहुतेक पक्ष्यांच्या संख्येत फारसा फरक दिसला नाही, म्हणून तेवढीच घरं विरळ पसरवली की उलट जास्त जंगल बाधित होतं, कारण प्रत्येक घर आपल्याभोवती एक वर्तुळ खराब करतं.

आपल्याकडे मुळशी-लोणावळ्याला फार्महाउसवाले झाडं ठेवतात पण खालचा पालापाचोळा, झुडपं साफ करून लॉन लावतात. मग रातव्याने जमिनीवर अंडी घालायची कुठे, नवरंगाने पाचोळ्यात किडे शोधायचे कुठे? आणि वाळकं, पोकळ झाड 'पडेल' म्हणून पहिलं कापतात, धनेशाला ढोली तिथेच लागते. बुलबुल, साळुंकी, कावळे मात्र मजेत.