पहिली गोधडी शिवताना

ताई, गोधडीला चुण्या पडल्या, आता काय करू, असं विचारलंत; पण त्यासाठी लगेच सगळं उसवू नका, आधी थर बघा. खालचं लुगडं जमिनीवर ताणून कडांना वजनं ठेवली होती का? त्यावर आतले थर, मग वरची साडी, आणि सगळ्यांतून लांब लांब कच्चे टाके. हे टाळलं की कापड सरकणारच. धावदोरा कडेपासून आत घेत या, मधूनमधून तळहात फिरवा. दोरा मात्र खेचू नका, चुणी तिथेच धरते. नवं सुती कापड लावणार असाल तर आधी धुऊन घ्या; जुनं आटून बसलेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आकसतं आणि शेजारचं जुनं फाटतं. पहिली गोधडी बाळाच्या दुपट्याएवढीच करा, हात कुठे चुकतो ते लवकर कळेल.