ग्रुपवर आलेला आपल्या दाराचा फोटो

"सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज वाजला की छातीत धडधडतं. घर विकून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. मी जास्तच मनाला लावून घेतेय का?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. त्यामागे कारण म्हणून पार्किंग असतं, कुत्रा असतो, गळणारी गच्ची किंवा थकलेला मेंटेनन्स असतो. विचारणारी माणसं बहुधा ओशाळलेली असतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यायचं? मी म्हणते, जरूर यावं. स्वतःच्याच घराच्या जिन्यात पाऊल टाकायची भीती वाटू लागली, तर ती एवढीशी गोष्ट राहत नाही.

शुभाताईंचं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात त्यांचा सगळा संसार झाला. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं वासणा-भायली रस्त्याला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले. वाड्यात ज्याच्या दारापुढची जागा, ती त्याची. त्याच सवयीनं त्यांनी पॅसेजमध्ये तुळस, जास्वंदीच्या दोन कुंड्या आणि चपलांचं कपाट मांडलं. एका सकाळी सोसायटीच्या मंत्र्यांनी, म्हणजे सेक्रेटरींनी, त्या दाराचा फोटो फ्लॅट नंबरासकट ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "पॅसेजमां मूकेलां कुंडां त्रण दिवसमां हटावी लेवां, नहीं तो ५०० रुपिया दंड." म्हणजे, पॅसेजमध्ये ठेवलेल्या कुंड्या तीन दिवसांत हटवा, नाहीतर दंड.

कुंड्या त्याच दुपारी आत आल्या. पण शुभाताईंचं खाली जाणं बंद झालं. भाजी यजमान आणू लागले. नवरात्रात खाली गरबा रंगला, तेव्हा या दिवा मालवून खोलीत बसून राहिल्या. रात्री उठून फोन बघायचा, काही नवीन आलंय का. "आता कुंड्या काढल्यास ना, संपला विषय," असं यजमान म्हणाले की त्या आणखी चिडत. त्यातच लेक अमेरिकेत, टेक्सासमध्ये. तिच्याकडे घरमालकांची असोसिएशन गवत वाढलं तरी पत्र पाठवते, आणि थकबाकी राहिली तर घरावर बोजा चढू शकतो, हे तिनं कधीतरी बोलताबोलता सांगितलेलं. ते तिकडचं भय इथे येऊन बसलं. आपला फ्लॅट जाईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

पहिल्या भेटीत त्यांना एकच वाक्य माझ्याकडून हवं होतं: मंत्री चुकले. मी त्यांना कागद दिला. डावीकडे मेसेजमधले शब्द जसेच्या तसे लिहा, उजवीकडे तो वाचताना तुम्हाला काय ऐकू आलं ते लिहा. डावीकडे एक ओळ झाली. उजवीकडे पान भरलं. या मराठी बाईला फ्लॅटमध्ये राहायची रीत नाही. वाड्यातून आलेली माणसं. सगळे हसताहेत. मी विचारलं, "सगळे म्हणजे?" त्यांनी फोन काढून पाहिलं. मेसेजखाली पसंतीच्या अंगठ्याची खूण चौघांनी केली होती. त्यांतल्या एक शेजारच्याच बेन होत्या, आणि त्या शुभाताईंच्या प्रत्येक मेसेजखालीही तीच खूण करतात.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनात काय धरून बसतो ते अधिक छळतं, हा तिचा गाभा. शुभाताईंनी धरलं होतं ते असं: माझ्यावर कधीच कुणी बोट ठेवता कामा नये, ठेवलं तर माझी पत गेली. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेल्या बाईला हे वाटणं मला अगदी समजतं. म्हणूनच त्यावर हळूहळू काम करावं लागलं.

एक गोष्ट मात्र मी स्पष्ट बोलले. पॅसेज मोकळा ठेवण्याची मागणी योग्य होती. सुरतला मे २०१९मध्ये तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ विद्यार्थी गेले, मे २०२४मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागली. धुरात जिना शोधणाऱ्या माणसाच्या पायात कुंडी येऊ नये. हे त्यांना पटलं. आणि दार न ठोठावता दाराचा फोटो चव्हाट्यावर टाकणं अयोग्य होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य केल्यावर त्या मोकळेपणानं रडल्या.

मग पायरीपायरीनं खाली उतरणं. आधी दुपारी, लिफ्ट रिकामी असताना. नंतर संध्याकाळी. मग खालच्या बाकड्यावर थोडा वेळ बसायचं, धडधडलं तरी उठायचं नाही. टाळत राहिलं की भीती पोसली जाते, आणि थांबून राहिलं की ती आपोआप उतरते, हे अंगानं अनुभवावंच लागतं. ग्रुपचा आवाज बंद, मेसेज दिवसातून एकदाच बघायचे.

एकदा मी त्यांना घरातलं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, आणायला सांगितलं. त्यावर यजमानांसोबत त्यांचंही नाव होतं. "सोसायटीवाले" म्हणून त्या ज्यांना घाबरत होत्या, त्यांतल्या एक त्या स्वतःच होत्या. सहकाराचा कायदा देशात १९०४ साली आला. त्याआधी, १८८९मध्ये, याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली होती. शुभाताई म्हणाल्या, "अन्योन्यचं नाव तर आमच्या घरात रोज असायचं!" त्या दिवशी त्या पहिल्यांदा ताठ बसल्या.

पत्र त्यांनीच लिहिलं, गुजरातीत, मंत्र्यांच्या नावे. कुंड्या काढल्या आहेत. दंड कोणत्या पोटनियमानुसार किंवा साधारण सभेच्या कोणत्या ठरावानुसार, ते कृपया दाखवावं. यापुढे फोटो टाकण्याआधी घरी सांगावं. मंत्रीभाई पत्र घेऊन घरी आले. बिनपगारी काम, फायर एनओसीचा (आगीपासून सुरक्षिततेच्या ना-हरकत दाखल्याचा) तगादा, सगळं बोलले. माफी मागितली नाही. दंडाचा ठराव झालेलाच नव्हता. पुढच्या साधारण सभेत शुभाताई उभ्या राहून दोन मिनिटं बोलल्या, आणि आधी घरी चिठ्ठी द्यायची असं ठरलं. मंत्र्यांशी त्या अजूनही कामापुरतंच बोलतात. त्यात मला काही गैर वाटत नाही.

तुमच्याकडे प्रकरण शिवीगाळ, धमकी किंवा पाणी तोडण्यापर्यंत गेलं असेल, तर फक्त मन सावरून भागणार नाही. लेखी तक्रार करा, सहकारी संस्थांच्या जिल्हा रजिस्ट्रारकडे जा, धमकी असेल तर पोलिसांकडे. आणि झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते.