वधस्तंभ वाहायला शिमोनही होता

‘ताई, सलाम. मी 47 वर्षांची, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. सासूबाई 81 वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टमध्ये, मुलगी नाशिकला शिकते, म्हणजे रात्रंदिवस मीच. ज्यांनी तीस वर्षं चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घेतली त्या आता मला ओळखत नाहीत. रोज दिवेलागणीला ‘मला घरी सोड’ म्हणत दाराशी उभ्या राहतात. थोरले दीर पुण्यात असतात, तिथल्या मंडळीच्या पंचात, म्हणजे कारभार बघणाऱ्यांत आहेत, चर्चच्या नव्या इमारतीला त्यांनी मोठी रक्कम दिली. आईसाठी मात्र नाताळला केक आणि साडी. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेत, मला रडू आलं तेव्हा एक बहीण म्हणाली, “कशाचीही चिंता करू नका असं लिहिलंय. हा तुमचा वधस्तंभ आहे, न कुरकुरता वाहा.” दोन महिन्यांपूर्वी सासूबाई रस्त्यावर निघाल्या, तेव्हा मी रागाने त्यांचा दंड इतका जोरात धरला की काळानिळा पडला. त्या विसरल्या, मी नाही. तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे भाकर घ्यायला पुढे जातात तेव्हा, मी जागेवरच बसून राहते. प्रार्थनेला बसले की झोप लागते. माझा विश्वास संपला का?’

प्रिय भगिनी, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, संपलेला नाही. प्रार्थनेला बसल्यावर तुम्हाला झोप येते ती चार वर्षांच्या जागरणाची आहे. तिला अविश्वास म्हणू नका.

पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, पहिले राजे, अध्याय 19 काढा. सासूबाई झोपल्या असतील तेव्हा चहाचा कप घेऊन बसा आणि सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो. रानात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. आपल्याकडे कोणी असं बोललं तर लगेच चार वचनं ऐकवली जातील. देवाने काय केलं? एकही वचन ऐकवलं नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली होती. ‘ऊठ, खा.’ तो जेवला आणि पुन्हा झोपला, तेव्हाही कोणी रागावलं नाही. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, तुझ्या बळापलीकडची वाट तुला चालायची आहे. शास्त्रात हे सरळ कबूल केलंय: वाट तुझ्या बळापलीकडची आहे. देवाची मंद, शांत वाणी एलीयाला ऐकू आली, पण ती पुढे होरेब डोंगरावर. आधी झोप, जेवण, पुन्हा झोप, पुन्हा जेवण. आणि ‘मी एकटाच उरलोय’ असं तो म्हणाला, तेव्हा देवाने त्याला सांगितलं की आणखी सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा नावाचा शिष्य दिला.

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तेव्हा मलाही एका प्रार्थनासभेतून असंच एक वचन हातावर ठेवून घरी पाठवलं होतं. त्या रात्री मला झोपेची आणि तासभर आईजवळ बसणाऱ्या माणसाची गरज होती. म्हणून हा अध्याय मी इतका घोळवून सांगते आहे.

आता तुम्हाला ऐकवलेली दोन वचनं. सांगणारी बहीण वाईट नसेल, पण वचन अर्ध्यावर तोडून दिलं की ते दगडासारखं लागतं. फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे प्रेषित पौलाने तुरुंगात, बेड्यांत असताना लिहिलं. त्याच अध्यायात थोडं खाली, 14 व्या वचनात, तो त्या मंडळीला म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. त्यांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. म्हणजे ज्या मंडळीला ‘चिंता करू नका’ लिहिलं, ती मंडळी दुसऱ्याचं ओझं उचलणारी होती. त्या बहिणीने सहाव्या वचनाबरोबर चौदावंही पाळलं असतं, तर बुधवारी दुपारी दोन तास तुमच्या घरी येऊन बसली असती.

आणि वधस्तंभ. ‘रोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावं’ असं प्रभू येशू म्हणाला हे खरं. पण खुद्द प्रभूचा वधस्तंभ गुलगुथ्यापर्यंत एकट्याने वाहिला गेला का? मार्क, अध्याय 15, वचन 21 पाहा. शेतावरून येणाऱ्या शिमोन कुरेनेकराला शिपायांनी धरलं आणि वधस्तंभ त्याच्याकडून वाहवला. शिमोन आपणहून पुढे आला नव्हता, हे ध्यानात ठेवा. त्याला वेठीस धरलं होतं. कधी कधी मदत धरूनच आणावी लागते. ज्या प्रभूने शिमोनाच्या खांद्याला नकार दिला नाही, तो तुम्हाला मदत मागितल्याबद्दल दोष देईल असं मला वाटत नाही.

तर मग थोरले दीर.

मार्कचाच सातवा अध्याय, नऊ ते तेरा ही वचनं. लोक आईबापांना म्हणायचे, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते ‘कर्बान’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं. एकदा तसं म्हटलं की आईबापांसाठी काही करायचं बंधन उरायचं नाही. प्रभूला याचा राग आला. संप्रदायाच्या नावाखाली तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं तो तोंडावर बोलला. दशमांश आणि इमारतनिधी चांगल्याच गोष्टी आहेत. पण आईला सांभाळायला मावशी ठेवायला पैसे नसताना चर्चच्या पाटीवर नाव लागत असेल तर त्याला शास्त्रात नाव आहे. पहिले तीमथ्य 5:8 याहून कडक आहे: जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. पौलाने हे विधवांविषयीच्याच अध्यायात लिहिलं.

पण ही वचनं पहिल्याच फोनवर दिरांच्या तोंडावर फेकू नका. ती आधी तुमच्यासाठी आहेत, मागताना तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. फोन तुम्ही नका करू, मिस्टरांनी करावा. आई त्यांचीही आहे आणि भावाभावांत हे बोलणं व्हायला हवं. आतापर्यंत मिस्टर तुमच्या आड राहिले असतील, तर तेही त्यांना सांगा. मागणी मोघम नको. ‘लक्ष द्या’ म्हटलं की माणूस ‘हो, देतो’ म्हणतो आणि नाताळला केक आणतो. महिन्याचा हिशोब वहीत मांडा: औषधं, डायपर, डॉक्टर, येण्याजाण्याचा खर्च. दिवसाच्या मावशीचा पगार तुमच्या गावात किती ते विचारून घ्या. मग सांगा: मावशीच्या पगारातला अर्धा वाटा दर महिन्याच्या एक तारखेला, आणि महिन्यातले दोन दिवस आईजवळ स्वतः राहणं, किंवा आईला आठवडाभर पुण्याला नेणं. नवी जागा बघून त्या गोंधळणार असतील तर नेण्यापेक्षा दिरांनी येणं बरं. ऐकलं नाही तर मत्तय 18 ची वाट आहे: आधी दोघांत, मग एकदोघांना सोबत घेऊन. तुमच्या पाळकांना बरोबर घ्या. आईवडिलांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आहे, त्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तिथवर जावं लागू नये, पण तो आहे हे दोघा भावांनाही माहीत असू द्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 वर फोन करून माहिती घेता येते.

कोणी म्हणेल, सुनेने घरात भांडण लावलं. मोशेला ‘तू करतोस हे बरं नाही, हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, तू आणि हे लोकही खंगून जाल’ असं कोणी सांगितलं होतं? त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने. निर्गम 18. काम वाटून देण्याचा सल्ला त्या घरात सासरकडूनच आला होता.

आता दंडावरच्या त्या डागाचं बोलू. इथे मी तुम्हाला ‘जाऊ द्या, थकला होतात’ म्हणणार नाही. थकला होतात, त्यांना गाडीखाली जाण्यापासून थांबवत होतात, म्हाताऱ्या कातडीवर लगेच वळ उठतो, हे सगळं खरं. तरी रागाने धरलंत हे तुम्हीच लिहिलंय, आणि ते त्यांच्यावर झालेला अन्यायच आहे. त्या विसरल्या म्हणून तो मिटत नाही. आपल्या मराठी शास्त्रात पहिल्या योहानाच्या पहिल्या अध्यायात एक फार चांगला शब्दप्रयोग आहे: पापे पदरी घेणे. पाप पदरी घेतलं तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करील. पदरात घ्यायचं म्हणजे लपवायचं नाही आणि त्याने स्वतःला रोज झोडपायचंही नाही. मिस्टरांना सांगा. डॉक्टरांना सांगा, पुढच्या भेटीत सासूबाईंचं सगळं अंग तपासून घ्या. सासूबाईंचा हात हातात घेऊन त्यांना सांगा, ‘आई, माझ्या हातून तुम्हाला लागलं, मला क्षमा करा.’ त्यांना कळणार नाही कदाचित. तरी सांगा.

आणि पुन्हा तसा राग चढला तर? गॅस बंद, बाहेरच्या दाराला वरची कडी, आणि दोन मिनिटं अंगणात. त्या वेळी कोणाला फोन करायचा ते आजच ठरवा, शेजारीण किंवा पाळकीणबाई. सासूबाई ‘घरी सोड’ म्हणतात तेव्हा ‘हेच तुमचं घर’ असं पटवू नका, पटणार नाही. त्या दुसरं घर शोधतायत, लहानपणीचं असेल. ‘हो जाऊ, आधी चहा घेऊ’ म्हणा. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. चार दिवसांत एकदम बिघडल्यासारखं वाटलं तर आजार वाढला असं गृहीत न धरता लघवीची तपासणी करून घ्या, म्हाताऱ्या माणसांत संसर्गानेही असा गोंधळ होतो. आणि गाणं. नावं पुसली गेली तरी जुन्या चाली बराच काळ राहतात. ज्यांनी तीस वर्षं मुलांकडून गीतं म्हणून घेतली, त्यांच्यासाठी दिवेलागणीला एक ओळ तुम्ही सुरू करा आणि थांबा. पुढची ओळ त्या घेतात का बघा. घेतली तर ती तुमच्या दोघींची संध्याकाळची उपासना.

स्वतःच्या प्रार्थनेला शब्द नसतील तर स्तोत्र 88 वाचा. त्यात आशेचं एक वाक्यही शेवटी येत नाही, ते काळोखातच थांबतं, आणि तरी ते शास्त्रात आहे. पुढे स्तोत्र 71 मधलं नववं वचन सासूबाईंच्या वतीने म्हणा: उतारवयात माझा त्याग करू नको, माझी शक्ती क्षीण होत असता मला सोडू नको. त्यांना आता स्वतः मागता येत नाही.

शास्त्र मात्र स्वतः उघडून वाचत जा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, साध्या बायकांना ते स्वतः कळावं म्हणून. मागचंपुढचं वाचलं की वचन वेगळं दिसतं. ज्या वचनाच्या भीतीने तुम्ही प्रभुभोजनाला उठत नाही, तेच बघा, पहिले करिंथकर 11. अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो, हे 27 वं वचन तुम्हाला पाठ असेल. 28 वं म्हणतं, माणसाने आत्मपरीक्षा करावी, आणि मग ती भाकर खावी. आत्मपरीक्षा तुम्ही दोन महिने केलीत. ‘मग खावी’ एवढंच राहिलंय.

येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी उठा आणि पुढे जा. त्या दोन तासांत सासूबाईंजवळ कोण बसणार, ते मात्र शनिवारीच ठरवून ठेवा.

तुमची,
ताई